सात टाचण्या

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी दातांच्या डॉक्टरने तळहात पुढे केला आणि ताईंनी तोंडातल्या टाचण्या त्यावर ठेवल्या. सात होत्या.

"या घेऊन रस्ता ओलांडलात?"

"दुकान समोरच तर आहे," धाकटी बहीण म्हणाली. शिवणाच्या दुकानातही बोलायचं काम तिचंच. "तीस वर्षांची सवय. आता घास चावता येत नाही, आणि झोपेत दात खाते. भिंतीपलीकडे ऐकू येतं मला."

"आ करा."

ताईंच्या तोंडात त्यांची स्वतःची दोनच बोटं उभी मावली. कानापुढे खट्‌ वाजलं.

"तीन मावायला हवीत. दुखणं कधीपासून?"

"तीन आठवडे," ताई म्हणाल्या.

"तेव्हा काय झालं होतं?"

ताई टाचण्यांकडे बघत राहिल्या. बहिणीने बोटांवर दिवस मोजले.

"घड्याळजी आले होते! बटण लावायला. मी बाहेर गेले होते."

"लग्नाचं विचारलं त्यांनी."

"आणि तू?"

"तोंडात टाचण्या होत्या."

"काढायच्या ना!"

"आणखी दोन घातल्या."

बहीण इतकी हसली की खुर्ची मागे सरकली. ताईही हसल्या, कळ आली तशी कानशील धरून हसल्या.

डॉक्टरने कागदावर लिहिलं: जबड्याच्या सांध्याला इजा नाही, स्नायू थकलेत. गरम शेक, मऊ जेवण. जांभई येताना हनुवटीखाली मूठ. ओठ मिटलेले, दात सुटे. तोंडात टाचणी नाही.

बहिणीने उरलेल्या अस्तराची, टाचण्या खोचायची छोटी गादी शिवून ताईंच्या मनगटाला बांधली. दहा दिवसांनी तिसरं बोट नखापर्यंत गेलं.

त्याच दिवशी, गुरुवारी, पावणेपाचला घड्याळजी आले. शर्टाचं एकच बटण तुटलं होतं. दोरा पात्याने कापावा तसा सरळ.

"मी दोरा आणते," बहीण म्हणाली. फळीवर चाळीस रिळं होती.

"त्या दिवशी मी घाईच केली," घड्याळजी म्हणाले.

ताईंचा हात मनगटाकडे गेला. एक टाचणी निघाली, ओठांपर्यंत आली, थांबली. त्यांनी ती परत गादीत खोचली.

"बसा," त्या म्हणाल्या.

सहा वाजता बहीण अजून फुटपाथवर होती, हातात दोऱ्याचं नवं रीळ. आतून दोनदा हसणं ऐकू आलं होतं, दुसऱ्यांदा ताईंचं. खट्‌ वाजल्याचं तिला ऐकू आलं नव्हतं.