निळ्या दोऱ्याची गाडी

मी बोलतेय. तळहातावर मावेल एवढी, धातूची, खेळण्यातली गाडी. सुरुवातीलाच माफी मागते. माझं बोलणं जो कागदावर उतरवतोय त्यानं आठवीतच शाळा सोडली. वेलांटी पहिली की दुसरी हे तो अंदाजानं ठरवतो. मोठे शब्द त्याला येत नाहीत, आणि मलाही येत नाहीत. जसं जमेल तसं सांगते, सांभाळून घ्या.

खरं तर मला आता बोलायचाही शीण होतो. बावन्न वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माणसाला नातवंडं होतात. मला फक्त पोचे आले.

माझा जन्म साच्यातला. वितळलेला धातू आत शिरला, क्षणभर भाजलं, आणि लगेच गार पडले. माझ्या आधी एक निघाली, माझ्यानंतर एक निघाली. आम्ही इतक्या सारख्या होतो की आमच्या आम्हाला ओळखता आलं नसतं. वरचं अंग लाल. खाली तळाचा पत्रा, त्यात दोन दांड्या, दांड्यांना चार चाकं. वरचं अंग आणि तळ दोन रिव्हेटांनी, म्हणजे ठोकून चपट्या केलेल्या खिळ्यांनी, जखडलेले. हे जखडणं लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ तिथेच झाला.

मला पहिल्यांदा हातात घेतलं ते दहा वर्षांच्या एका मुलानं. मी त्याला आत्यानं दिलेली भेट. तो मला खिडकीच्या कट्ट्यावरून चालवायचा, टेबलाच्या कडेनं चालवायचा, दुपारी पडलेल्या आईच्या पाठीवरून चालवायचा. ओठ फुर्र करून इंजिनाचा आवाज काढायचा, माझ्यावर थुंकी उडायची. आई म्हणायची, "अरे, खांद्याजवळ जरा दोन फेऱ्या जास्त मार, बरं वाटतंय."

त्याचा धाकटा भाऊ सहा वर्षांचा. त्याला फक्त बघायची परवानगी होती. "बघ, पण हात लावू नकोस," दादा सांगायचा. धाकटा दोन्ही हात पाठीमागे धरून बघायचा. एवढं टक लावून माझ्याकडे नंतर कधी कुणी बघितलं नाही.

एका दुपारी त्यानं मला उचललं आणि खिशात घातलं. मग भीती वाटली, म्हणून फाटकाला लावून उरलेला काळा रंग काढला, काडीला चिंधी गुंडाळली आणि मला काळी केली. कुठे जाड थर, कुठे ओघळ, छपरावर त्याच्या बोटाचा ठसा. दादा ओळखणार नाही असं त्याला वाटलं.

दादानं मला बघितलंच नाही. पण चोर कोण हे त्यानं ओळखलं आणि तो सरळ वडिलांकडे गेला. वडिलांनी धाकट्याला विचारलं. धाकटा म्हणाला, "आईशपथ, मी नाही घेतली." झालं. वडिलांनी दादाला कान धरून उभं केलं. लहान भावावर आळ घेतो म्हणून त्याला माफी मागायला लावली. दादानं माफी मागितली. मी तेव्हा धाकट्याच्या खिशातच होते, मला सगळं ऐकू येत होतं. दादाचा आवाज मध्येच फुटला.

त्यानंतर घरात काही वाजलं नाही. दोघं एका ताटलीत जेवले, एका शाळेत गेले. फक्त दादानं धाकट्याला पुन्हा कधी "बघ" म्हटलं नाही.

धाकट्याला माझ्याशी खेळता आलंच नाही. खेळणार कुठे? दारं बंद करून गाडी किती चालवणार? मी दप्तराच्या तळाशी, मग ट्रंकेत, मग एका खणात गेले. धाकटा मोठा होऊन चष्मेवाला झाला, हा खण त्याच्या दुकानातला. खणात माझ्या सोबतीला चष्म्यांच्या तुटक्या दांड्या, नाकावरच्या रबरी गाद्या आणि काच पुसायची फडकी. तिथे पडल्या पडल्या मी माणसं ऐकली. नवा चष्मा घातला की सगळे आधी आरशात बघतात आणि मग समोरच्या दुकानाची पाटी मोठ्यानं वाचतात. नंबर वाढला की सगळे दिव्याला दोष देतात. माझी दोन चाकं कधी गळून पडली, मला कळलंही नाही. चालायचंच नसेल तर चाकांचं काय कौतुक.

गेल्या महिन्यात एक पोरगा चष्मा करायला आला. तोच हा, लिहिणारा. गाड्या रंगवायच्या गॅरेजात कामाला असतो, तिथे त्याला मुक्या म्हणतात. बोलत नाही म्हणून, बाकी कान-तोंड ठीक आहे.

"एवढ्याशा वयात जवळचं दिसत नाही? करतोस काय?" धाकट्यानं विचारलं. त्याला आता सगळे काका म्हणतात.

 पोरानं खिशातून माझ्यासारखीच एक गाडी काढून काउंटरवर ठेवली. निळी, अंगावर केसाएवढी बारीक पांढरी रेघ, चाकं नवी.

"ही तू केलीस?"

"जुन्या आणतो. रंग काढतो, पुन्हा रंगवतो."

काकांनी ती गाडी हातात घेऊन फिरवून बघितली. मग खण उघडला आणि मला तिच्याशेजारी ठेवलं. मला तिच्यापुढे लाज वाटली नाही. थकलेल्याला लाज कमी असते.

"हिची दोन चाकं बसव," काका म्हणाले. "रंगाला हात लावू नकोस. ओबडधोबड आहे, पण माझ्या हातचा आहे."

का, हे पोरानं विचारलं नाही. जो विचारत नाही त्याला माणसं जास्त सांगतात. काकांनी फडक्यानं एकच काच पुसत पुसत सगळं सांगितलं. गाडी कुणाची, शपथ कुणाची, कान कुणी धरले. दादा पुढच्या आठवड्यात मुलीकडे राहायला चालला होता, लांब, कायमचा.

"पार्सलनं पाठवीन म्हणतो. रंग बघितला की त्याला कळेल कुणी लावलाय. मला बोलावं लागणार नाही."

"भांडण आहे का तुमचं?" पोरानं तेवढंच विचारलं.

"भांडण असतं तर मिटवलं असतं रे. नुसतं बोलणं कमी होत गेलं."

अशी मी पोराच्या घरी आले. खिडकीशी टेबल, टेबलावर ड्रिल, जुने टूथब्रश, रंगाच्या डब्या. भिंतीवरच्या फळीवर एक्केचाळीस गाड्या. शिवाय त्याच्या ओळखीचे, गाड्या जमवणारे लोक रविवारी येतात. त्यातला एक बँकेत साहेब आहे. तो गाडी पाकिटातून काढतच नाही. पाकिटाचा कोपरा दुमडला तर त्याला दोन दिवस जेवण जात नाही. दुसरा एक कंपाउंडर, तो प्रत्येक गाडी कानाशी धरून चाकं फिरवतो आणि मान हलवतो, नाडी बघितल्यासारखी. मला या लोकांचं हसू येतं, पण वाईट वाटत नाही. कुणीतरी आपल्याकडे निरखून बघतंय, हे काही थोडं नाही.

पोराची कामाची एक रीत आहे. फळीवरच्या आपल्या गाड्या तो मोकळ्या ठेवतो. दुसऱ्याच्या गाडीला निळा दोरा बांधतो. निळा दोरा दिसला की रंग काढायच्या औषधात ती गाडी जायची नाही. आजवर कधी चूक झाली नव्हती.

मला त्यानं पुढच्या दांडीला दोरा बांधला. चाकांसाठी भंगारातून माझ्याच साच्यातली एक गाडी शोधून आणली. रविवारी सकाळी तिचे रिव्हेट ड्रिलनं उडवले, मग माझे उडवले. वरचं अंग वेगळं, तळ वेगळा. तळात तिची चाकं बसवली, दांडी सरळ केली. चाकं फिरली. पन्नास वर्षांनी फिरली, तर मला काहीच वाटलं नाही, नुसता थकवा वाटला.

दोरा दांडीला होता. दांडी तळाला होती. तळ टेबलावर राहिला. आणि माझं वरचं अंग, बिनदोऱ्याचं, बाकीच्या अंगांबरोबर ताटलीत गेलं. त्या दिवशी औषधात बुडवायच्या सहा गाड्या होत्या. त्यानं सातही बुडवल्या.

काळा रंग सुरकुतला, फुगला आणि साबणासारखा सुटला. त्याखालचा लालही गेला. बोटाचा ठसा गेला. त्यानं टूथब्रशनं घासून आम्हाला जुन्या टॉवेलवर मांडलं तेव्हा टॉवेलवर माझ्या साच्यातल्या दोघी होत्या, एक मी आणि एक भंगारातली. दोघी उघड्या, राखाडी, दोघींना पोचे.

मग त्याची नजर टेबलावरच्या निळ्या दोऱ्यावर गेली.

तो खाली बसला. खुर्चीवर नाही, फरशीवर.

दुपारी त्याची ताई आली. शिवणकाम करते, तिचं मशीन याच खोलीत असतं, बोलण्यात कात्रीसारखी. "काय रे, चेहरा का उतरलाय? गॅरेजातून काढलं का?"

त्यानं सांगितलं. एवढं लांब तो वर्षभरात बोलला नसेल.

ताईनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "तळ त्यांचाच आहे ना?"

"हो."

"मग वर कोणतीही बसव आणि काळा फास. तुझा हात काय कमी आहे? ओघळसुद्धा काढशील हुबेहूब. म्हातारा माणूस, त्याला काय कळणार."

"ते चष्मेवाले आहेत ताई."

"बरं, कळलं तर कळलं. पार्सलच करायचंय ना?"

संध्याकाळी त्यानं काळ्या रंगाची डबी उघडली. काडीला चिंधी गुंडाळली, काकांनी सांगितलं होतं अगदी तशी. मला उचललं. त्याला तेव्हा माहीत नव्हतं, पण त्यानं मलाच उचललं होतं. मला ओरडून सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, की मीच ती. आणि हेही, की आता पुरे. आधी लाल झाले, मग कुणाच्या भीतीनं काळी झाले, आता आणखी कुणाच्या भीतीनं नको.

काडी माझ्या छपरापाशी आली आणि थांबली.

"काय झालं?" ताईनं मशीनवरून मान वर न करता विचारलं.

"एकदा खोटं बोलायला म्हणून हिला काळा लावला होता," तो म्हणाला. "आता मी पण तेच करायचं?"

ताईचं मशीन थांबलं. "मग जा उद्या आणि घे शिव्या खाऊन. काहीही झालं तरी मूग गिळून उभा राहू नकोस. तोंड उघड."

त्यानं डबीचं झाकण लावलं. काडी खिडकीबाहेर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी कुलूप काढायच्या आधी तो दुकानाच्या पायरीवर उभा होता. आत गेल्यावर आम्हाला गुंडाळलेलं फडकं सोडलं. आम्हा दोघींना काउंटरवर ठेवलं, शेजारी दोन्ही तळ, एकाला निळा दोरा.

"काका, रंग गेला. चूक माझी. दोरा दांडीला बांधला होता, अंगाला नव्हता. यातली तुमची कोणती ते मला कळत नाही. हा दोऱ्याचा तळ तेवढा तुमचा आहे." एका दमात बोलला, घोटून पाठ केल्यासारखं.

काकांनी भिंग डोळ्याला लावलं. मला उलटीसुलटी केली, मग तिला. छपरावर अंगठा फिरवला, जिथे त्यांचा ठसा होता तिथे. माझ्यावर फिरवला तेव्हा मी वाट बघितली. पण अंगठा आता साठीकडे झुकलेल्या माणसाचा होता.

"कळत नाही," ते म्हणाले.

 काका रागावतील म्हणून पोरगा तयार होता, मीही तयार होते. ते रागावले नाहीत. स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "पन्नास वर्षांत माझ्यासमोर असं येऊन कुणी बोललं नाही. मीसुद्धा कुणासमोर बोललो नाही."

बाहेर कुणीतरी शटर वर केलं. काकांनी दोन्ही गाड्या आपल्याकडे ओढल्या.

"आता पार्सल करून काय उपयोग," ते म्हणाले. "ही बघून त्याला काय समजणार? रंगच नाही. मला जावं लागेल. दोन्ही घेऊन जातो आणि विचारतो, दादा, यातली तुझी कोणती. त्याला कळलं तर कळलं. नाही कळलं तरी तेवढं बोलणं होईल. बाकीचंही सांगता येईल."

"मी पुन्हा रंगवून देऊ का? लाल?"

"नको. राहू दे अशीच."

हे मी बावन्न वर्षांत कुणाकडूनही ऐकलं नव्हतं. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी असेल, खणात, ट्रंकेत, तर तिला एकदा बाहेर काढा. चकचकीत करू नका. ज्याची आहे त्याला नेऊन दाखवा, म्हणजे झालं. उघडं अंग हळूहळू काळवंडेल, ते मला चालेल. तो काळेपणा कुणाच्या हातचा नसेल.

पोरानं पिशवीतून हातानं फिरवायचं ड्रिल काढलं. काकांनी चष्म्याच्या दांडीचे चार स्क्रू मोजून काढून दिले, तांदळाच्या कणीहूनही बारीक. काउंटरच्या कोपऱ्यावर बसून तो दोघींना एकेक तळ लावायला लागला. दोऱ्याचा तळ कुणाला लावायचा हे त्याला ठरवता येईना. मग काकांना विचारलं. काकांनी न बघता बोट दाखवलं.

बोट तिच्याकडे गेलं, माझ्याकडे नाही. मी काही म्हटलं नाही.

त्यानं निळा दोरा सोडला, गुंडाळून खिशात ठेवला, आम्हा दोघींना एका चष्म्याच्या डबीत शेजारी शेजारी झोपवलं आणि कामाला गेला.