कोपऱ्यातली खुर्ची

कुस्ती महासंघाचा अध्यक्ष होईपर्यंत मी मॅटवर पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. ट्यूनिसच्या दक्षिणेला, स्फाक्स शहरात आमचा ऑलिव्हच्या तेलाचा धंदा, आजोबांपासूनचा. ज्याला माल वेळेवर पोचवता येतो त्याला काहीही चालवता येतं, अशी माझी समजूत होती. महासंघाची तेव्हा पार दैना झालेली. संघ विमानतळावर पोचायचा आणि व्हिसा आलेले नसायचे. म्हणूनच क्लबवाल्यांनी मला निवडून दिलं.

पहिली सहा वर्षं मी खरंच राबलो. फाटक्या मॅट बदलल्या, मुलींचा संघ उभा केला. बाजारात मला नुसतं आडनावानं ‘कमून’ म्हणायचे, इथं ‘सी मोंजी’ झालो. नावाआधी असा मान लागला की माणूस जरा ताठच चालायला लागतो.

त्या संघातली जुहैना डोंगराकडच्या कास्रीनची. तिथं हल्फा गवताच्या जुन्या गोदामात हमादी काका मुलींना कुस्ती शिकवायचे. वय पासष्टीचं, अक्षरओळख नाही, पण मॅटकडे पाठ करून उभे असले तरी नुसत्या पावलांच्या आवाजावरून सांगायचे, ‘रीम दमलीय, बसवा तिला.’ जुहैना त्यांच्याकडे अकराव्या वर्षी आली. बाविसाव्या वर्षी ती आफ्रिकेची विजेती झाली आणि बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत तिच्याकडून पदकाची आशा होती.

लढतीच्या वेळी मॅटच्या कोपऱ्यात आमच्या दोन खुर्च्या. एक राष्ट्रीय प्रशिक्षकाची, दुसरी हमादी काकांची. त्या खुर्चीवर बसायला गळ्यात कार्ड लागतं.

सूसच्या समुद्रकिनाऱ्यावर तौफिकची चार हॉटेलं. चारही माझं तेल घ्यायची. जाण्याआधी दहा दिवस तो म्हणाला, “मोंजी, प्रेक्षकांत बसून काय मजा? मला अगदी मॅटशेजारी बसव ना. एवढा अध्यक्ष झालास, दोस्तासाठी एक खुर्ची नाही?”

मी हसलो. नाही म्हणायला हवं होतं, पण हसलो. आणि दुसऱ्या दिवशी हमादी काकांचं कार्ड त्याच्या नावावर केलं.

काकांना फोनवर सांगितलं, “आंतरराष्ट्रीय संघटनेनं आपलं एक कार्ड कमी केलंय. माझा नाइलाज आहे.”

 ते म्हणाले, “हरकत नाही, सी मोंजी. तुम्ही आहात ना तिथं. एकच लक्षात ठेवा. तिचा डावा खांदा एकदा निखळलाय. दुखायला लागला तर पोरगी मरेल पण बोलणार नाही. फक्त खालचा ओठ चावते. ओठ चावला की डॉक्टरला आत बोलवायचं. प्रशिक्षक नवा आहे, त्याला सांगाल?”

“सांगतो,” मी म्हणालो.

सांगितलं नाही. बेलग्रेडला पोचल्यापासून तौफिकच्या मागे होतो. त्याला अमुक जेवण हवं, तमुक पाहुण्याशी ओळख हवी. राहून गेलं.

कांस्यपदकाची लढत. जुहैना चार-दोननं पुढे होती. दुसरी फेरी सुरू होऊन मिनिट झालं असेल, तेव्हा तिनं खालचा ओठ चावला. मी वर मान्यवरांच्या रांगेतून ते स्वच्छ पाहिलं. काकांचे शब्द कानात वाजले. प्रशिक्षक ओरडत होता, “धर, सोडू नकोस!” आणि त्याच्या बाजूला काकांच्या खुर्चीवर तौफिक मोबाइलवर चित्रण करत बसला होता.

मला उठायचं होतं. पण शेजारी दोन देशांच्या महासंघांचे अध्यक्ष. एवढ्या लोकांत अध्यक्षानं पायऱ्या उतरत धावायचं? मनाशी म्हटलं, होईल आत्ता, संपेल. मी उठलो तोवर प्रतिस्पर्धी मुलीनं तिचा हात पाठीमागे ओढला होता. जुहैनाची किंकाळी मी खाली पोचायच्या आत ऐकली.

ट्यूनिसच्या इस्पितळात दोन शस्त्रक्रिया झाल्या. डॉक्टर म्हणाले, घरकाम करील, कुस्ती नाही.

हमादी काका रात्रभर बसनं प्रवास करून आले. तिच्या उशाशी बसून म्हणाले, “चूक माझीच, बेटा. कार्ड कमी झालं म्हणून मी घरी बसलो. काहीही करून यायला हवं होतं मी.”

मी पलंगाच्या पायथ्याशी हातात फुलं घेऊन उभा होतो.  फुलं ठेवली आणि निघालो.

तीन आठवडे अन्न गोड लागेना. शेवटी एका सकाळी गाडी काढली आणि कास्रीन गाठलं. गोदामात मुलींचा सराव चालू होता. काकांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. कार्ड, तौफिक, ओठ, सगळं.

ते ओरडले नाहीत. माझ्या बुटांकडे बघत म्हणाले, “मला कशाला सांगतोस, मोंजी? तिला सांग.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ‘सी’ गळालं होतं.

जुहैनाच्या आईनं दारात स्वागत केलं, बदाम घातलेला चहा दिला, “तुम्ही एवढ्या लांबून आलात, फार उपकार झाले,” म्हणाली. पेला मी तसाच पुढे ठेवला. ती माउली शेजारी असतानाच मी बोलायला लागलो.

जुहैनानं सगळं ऐकून घेतलं. हात गळ्यात बांधलेला होता.

“म्हणजे मी ओठ चावला ते तुम्हाला दिसलं होतं?”

“हो.”

“त्याचा अर्थही माहीत होता?”

“हो.”

“मग किती वेळ बसून राहिलात?”

“एक मिनिट असेल.”

“एका मिनिटात मी तीनदा पट काढून समोरचीला पाडायचे, सी मोंजी,” ती म्हणाली. आईनं माझ्यापुढचा पेला उचलून नेला.

सर्वसाधारण सभेत मी जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं आणि राजीनामा दिला. मला वाटलं होतं, लोक तोंडावर थुंकतील. उलट एकजण म्हणाला, “एवढं काय मनाला लावून घेता? ओळखीपाळखी सगळेच सांभाळतात.” काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्या टाळ्यांनी जास्त मेल्यासारखं झालं. तौफिकचं तेल मी बंद केलं. त्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही, त्याचं काय चुकलं ते.

याला पाच वर्षं झाली. गेल्या वसंतात स्फाक्सला लहान मुलींच्या स्पर्धा होत्या. जुहैना आता काकांबरोबर शिकवते हे ऐकलं होतं. मी जाऊन शेवटच्या रांगेत बसलो. कुणीतरी ओळखलंच. ध्वनिक्षेपकावरून माझं नाव पुकारलं, ‘माजी अध्यक्षांच्या हस्ते पदकं.’ मी उठलो आणि सरळ बाहेर पडलो.

दाराशी हमादी काका सिगारेट ओढत उभे होते. “कुठं निघालास?”

“मला नाही जमणार, काका. कुठल्या तोंडानं देऊ?”

“आत आठ पोरी चौथऱ्याजवळ उभ्या आहेत. सकाळपासून पोटात काही नाही त्यांच्या. तुझ्या लाजेपायी त्यांना का ताटकळत ठेवतोस?”

मी आत गेलो. जुहैना पदकांचं तबक उजव्या हातात घेऊन आली. माझ्याकडे पाहिलं नाही, पण तबक माझ्यापुढे नीट धरलं. पहिल्या मुलीच्या गळ्यात मी पदक घातलं.

“आजोबा,” तिनं हळूच विचारलं, “तुम्हीपण कुस्ती खेळायचात?”

“नाही गं,” मी म्हणालो, “मी नुसता बसून असायचो.”