चाकाचा काठ

"मूठ बाहेरच्या भोकात बसवू द्या ना, जाऊबाई. आसाजवळून फिरवून फिरवून माझे खांदे उतरलेत," चाक फिरवत धाकटी म्हणाली.

"आत आहे तीच बरी. हात थोडक्यात फिरतो." थोरलीनं चाऱ्याची पेंढी कुट्टीयंत्राच्या तोंडात सरकवली. "अंगात बळ नसलं की भोकाला नावं."

"बळ बघायचंय?"

"बघू की. तुझ्या आईनं काय लोण्याचा गोळा करून ठेवली होती, कळू दे तरी."

आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. धाकटीच्या डोक्यात सणक गेली. तिनं चाकाला असा हिसडा दिला की पाती सणाणली, चाऱ्याचे तुकडे भिंतीवर आदळले. थोरलीला हात मागं घ्यायला सवडच मिळाली नाही. चारा आत ओढणाऱ्या दातेरी रुळांनी पेंढीबरोबर बोटं गिळली. हाड कडकडलं आणि चाक अडकलं.

थोरली गुरासारखी ओरडली. गोठ्यातून तिचा नवरा धावत आला नि तिला काखेत धरून ओढू लागला.

"ओढू नका, भावजी. हात उपटून येईल. चाक उलटं फिरवायला हवं."

त्याला ऐकू येतंय कुठं. धाकटीनं त्याच्या छातीत कोपर हाणलं. तो शेणात बसला.

तिनं मूठ उलटी रेटली. सगळा जीव लावला, चाक ढिम्म. आसाला चिकटलेल्या मुठीला कितीही रेटा, बळ वायाच. मग तिनं मूठ सोडली आणि चाकाचा काठच धरला, आसापासून जितका लांब मिळेल तितका, पात्याला लागून. पाय उचलून ती त्याला लोंबकळली. पातं तळव्यात रुतलं, रक्त कोपरापर्यंत ओघळलं. चाक कुरकुरलं, बोटभर मागं आलं, मग वीतभर. रुळांनी हात ओकला. दोन बोटं चेचून चपटी झाली होती.

दवाखान्यातून दोघी पट्ट्या बांधून परतल्या. सासऱ्यानं विचारलं, कसं झालं.

"हात घसरला असेल," भावजी म्हणाले.

"नाही," धाकटी म्हणाली. "मी रागानं फिरवलं."

थोरली उठली. चांगल्या हातानं तिच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की कान झणाणला. धाकटी जागची हलली नाही.

मग थोरली तिच्याकडं पाठ करून खाली बसली. केस मोकळे सोडले.

"आता माझी वेणी कोण घालणार? ये, बस. सैल झाली तरी चालेल."