खुराडं आणि साडेतीन फूट

शेजाऱ्याचा त्रास कोणाला नसतो? वाचकहो, तुमच्याही भिंतीपलीकडे कोणीतरी असेलच. एका निवृत्त आरेखकांच्या भिंतीपलीकडे पाच कोंबड्या होत्या. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेल्या या गृहस्थांना गल्ली पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणायची. खुराड्याचा वास त्यांच्या खिडकीतून आत येई. शेजारच्या शिलाईवाल्या ताईंशी अवाक्षर न बोलता त्यांनी सरळ नगरपालिकेत अर्ज ठोकला.

तपासणीला एक बाई आल्या. त्यांनी नियम सांगितला: घरी सहापर्यंत कोंबड्या चालतात, कोंबडा मात्र नाही, आणि खुराडं शेजाऱ्याच्या खिडकीपासून दहा फूट लांब हवं. फूटपट्टींना हे नवीनच होतं. कोंबड्यांना बंदीच असणार, असं ते धरून चालले होते.

बाईंनी मोजलं तर साडेसात फूट भरले. ताईंचा चेहरा उतरला. नवरा गेल्यापासून घरात बोलायला त्यांना या पाच जणीच होत्या.

“मी दोन वर्षांपूर्वी ब्लाउजच्या टेपनं मोजून बसवलंय,” त्या म्हणाल्या. “दोन वेळा अख्खी साठ इंची टेप, वर बारा इंच. एकशे बत्तीस. माझं माप चुकत नाही.”

फूटपट्टींचे कान टवकारले. एकशे बत्तीस इंच म्हणजे अकरा फूट. मग साडेतीन फूट गेले कुठे? खुराडं सरकलं म्हणावं, तर ते सिमेंटच्या ओट्यात पक्कं बसवलेलं. माणूस मोजमापाचा, हिशेब जुळेपर्यंत त्यांना चैन कसली पडणार! ते चारी बाजूंनी पाहत पाहत आपल्याच खिडकीच्या भिंतीपाशी आले. तिथे जुन्या विटा संपून नव्या सुरू होत होत्या.

गेल्या वर्षी त्यांनी ही खोली पुढे वाढवली होती. परवानगी नाही, नकाशा नाही. एवढ्याशा जागेनं काय होतंय, असं म्हणून. वाढवली होती बरोबर साडेतीन फूट!

बाई अहवाल लिहू लागल्या होत्या. खोली वाढल्याचं ताईंना माहीत होतं, पण दोन्हींची सांगड त्यांनी घातली नव्हती. गप्प बसलं की खुराडं जाणार होतं आणि खोली राहणार होती. पण फूटपट्टींना मनाची लाज काही गिळता येईना.

“थांबा, बाई. खुराडं हललेलं नाही, माझी भिंत पुढे आलीय. तसं लिहा.”

बाईंनी पेन थांबवलं. “काका, नियम शेजाऱ्याला हुसकावायला नसतो. दोघांनाही नीट राहता यावं म्हणून असतो. आता तुमची खोली मागे घ्यावी लागेल.”

“घेतो,” ते म्हणाले आणि ताईंकडे वळले. माफी मागताना त्यांनी वासाचंही सांगून टाकलं.

“अहो, मग आधी बोलायचंत ना,” ताई म्हणाल्या. “खुराड्यातला भुसा मी आठवड्यानं बदलते. रोज बदलेन.”

मंडळी, जे काम कुंपणाशी दोन शब्दांत झालं असतं, त्यासाठी सरकारी अर्ज लागला. तक्रार करण्याआधी शेजाऱ्याशी बोलावं, आणि नियम दाखवायचाच असेल तर आधी आपल्या घराला लावून पाहावा.