लाल मखमलीची खुर्ची

आता मला काही काम उरले नाही मित्रांनो, त्यामुळे बोलायला सवड आहे. मी एक जुनी खुर्ची. मोठ्या शहरातल्या एका महागड्या फ्रेंच रेस्टॉरंटात माझे आयुष्य गेले.

एका सुताराने मला घडवले, पाठीवर वेलबुट्टी कोरली. मग लाल मखमल चढली आणि खिडकीजवळच्या टेबलाशी मला मानाची जागा मिळाली. लोक मखमलीवरून हात फिरवून कौतुक करायचे. मीही जरा तोऱ्यातच असायचे.

गिऱ्हाईक आले की मला अलगद मागे ओढणारा वेटर एकच. केस पिकलेले, पाठ ताठ. सगळे त्याला काका म्हणत. इतकी वर्षे त्याने मला ओढले, पुसले, पण तो माझ्यावर कधी टेकला नाही. कामगारांनी तिथे बसायचे नाही, असा नियमच होता. लग्नाच्या वाढदिवसाला मात्र त्याने मालकाची परवानगी मिळवली, रजा काढली आणि तो बायकोला घेऊन पुढच्या दाराने आत आला.

"हीच का ती तुमची खिडकी?" बायकोने विचारले. ती ठेवणीतले कपडे घालून आली होती. इथल्या एकेका पदार्थाचे वर्णन तिने घरी ऐकले होते. काका माझ्यावर बसला. अगदी कडेला, अंग चोरून.

कांद्याचे सूप आले. पहिला चमचा घेतो न घेतो तोच मॅनेजर जवळ येऊन वाकला.

"काका, मोठी पार्टी आलीय आणि दोघांनी दांडी मारलीय. अर्धा तास सांभाळून घ्या."

"आज त्यांची सुट्टी आहे," बायको म्हणाली.

"आलोच गं," म्हणत काका उठला.

तो परत आला तेव्हा अंगात पांढरा कोट होता आणि हातात तिची प्लेट. मॅनेजर मागेच उभा होता.

"मॅडम, संत्र्याच्या रसातलं बदक," काका म्हणाला.

"मॅडम कोण?" तिने हळूच विचारले.

त्याने माझ्यासमोरचे गार झालेले सूप उचलले आणि तो दुसऱ्या टेबलाकडे गेला.

तिने घासही घेतला नाही. रुमालाची नीट घडी घालून ठेवली आणि ती निघून गेली. कोट अंगात असताना पुढच्या दाराने जायची मुभा नव्हती. काका काचेतून तिच्याकडे बघत राहिला. मॅनेजरने हाक मारली तेव्हा "हो सर" म्हणून वळला.

पुढे खिडकीजवळचे टेबल तो दुसऱ्या वेटरला देऊ लागला. काही महिन्यांनी तो यायचाच बंद झाला. का, ते कुणी विचारले नाही.

माझीही मखमल विरली, एक पाय डुगडुगू लागला. मला मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या पिंपांशेजारी आणून टाकले. मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. लाकडाला नवी मखमल चढवता येते. एवढेच सांगते, उद्या तुमच्या हाताखाली माणसे आली, तर कुणाला भरल्या ताटावरून उठवू नका.