सासूबाईंचं भुयार

मी घडीचं स्टूल बोलतोय. तुम्ही उभ्याउभ्याच ऐका. बसायचं झालं तर माझ्यावरच बसाल, आणि अंगावर माणूस बसलं की माझी बोलती बंद होते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. ॲल्युमिनियमच्या नळीचे चार पाय आणि वर जाड हिरवं कापड, एवढाच माझा देह. माझी भावंडं मासे पकडणाऱ्यांकडे गेली, चित्रकारांकडे गेली. नदीकाठी बसून सूर्यास्त बघत असतील. माझ्या वाट्याला लढाया आल्या.

मला विकत घेतलं काकूंनी. काका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की लोक समुद्रावर जातात; काका जात ते युद्धातले बंकर, खंदक आणि गवत माजलेल्या धावपट्ट्या बघायला. नाहीतर सैनिकांची दफनभूमी ठरलेली.

"दोन दिवसांची सुट्टी, त्यात मेलेल्या माणसांची नावं वाचत फिरायचं," काकू म्हणत. "याला सहल म्हणतात होय?" पण जात मात्र दरवेळी, आणि डबाही त्याच भरत.

काका तिकीट काढून आत जात. काकू मला उघडून बाहेर सावलीत विणत बसत. काका परतायचे ते बोलतच.

"अगं, भिंतीची जाडी केवढी! आपली खाट आडवी मावेल!"

"हं."

"आणि दार मुद्दाम वाकडं ठेवलंय. का, सांग बघू?"

"हं."

काकूंची नोकरी टेलिफोन ऑफिसात झालेली. कानावर पडलेलं मनावर न घेण्याची कला त्यांनी तिथेच कमावली होती.

मला युद्धाची ओळख नाही, पण युद्ध बघायला येणाऱ्यांची चांगली आहे. जिथे माणसं जीव मुठीत धरून बसली, तिथे ही मंडळी तोफेच्या तोंडात डोकं घालून फोटो काढतात. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, "इथे चहा कुठे मिळेल?" लोक याला नावं ठेवतात. मला बरं वाटतं. ज्या जागी चहाची चौकशी होते, तिथलं युद्ध नक्की संपलेलं असतं.

एक ठिकाण मात्र काका टाळत आले. त्यांच्या आई, म्हणजे काकूंच्या सासूबाई, नवी नवरी असताना युद्ध पेटलं. विमानं आली की सगळी पेठ टेकडीखालच्या भुयारात शिरे. ते भुयार म्हणे एवढं मोठं, की पोरं त्यात पळापळी खेळत आणि शिंपी मशीन मांडून बसे. काका हे ऐकत वाढले, आणि काकू ऐकत म्हाताऱ्या झाल्या. कारण सुनेनं स्वयंपाकघर अपुरं पडतं म्हणायची खोटी, की भुयार निघालंच. "आम्ही त्या भुयारात संसार केला हो!"

"तुमच्या आईंचं भुयार दरवर्षी वीतभर वाढतंय," काकू म्हणत. सासूबाई गेल्या, तरी काकूंचं मत गेलं नाही.

"आधी बाकीची ठिकाणं बघू," काकांचं पालुपद. एकदा बसमध्ये मात्र ते खिडकीबाहेर बघत बोलून गेले, "तिथे जाऊन आई खोटी ठरली तर गं?" काकूंच्या सुया थांबल्या.

यंदा काकांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. आता जेमतेम एखादी सहल उरलेली. काकूंनीच तिकिटं काढली. "चला. तुमच्या आईंचा एकदा सोक्षमोक्ष लावून टाकू."

भुयाराच्या पायऱ्या उंच आणि ओल्या होत्या. काकांनी एक पाय खाली टाकला आणि कठडा धरून तसेच उभे राहिले.

"अहो, मागे फिरा. पडलात तर वर कोण आणेल? मी?"

काका मुकाट्यानं बाजूच्या कट्ट्यावर बसले. इतक्या जवळ येऊन परत जायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काकूंनी विणकाम त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि मला काखेत मारलं.

"तू जातेस? तू?"

"मग काय, सुया पाठवू?"

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच आत गेलो. पुढे रखवालदार, मागे काकू. खाली एक बुटकी खोली होती. दोन बाकं, एक दिवा. आमची दोन स्वयंपाकघरं जोडली तर एवढीच होतील.

"आणि पुढचं कुठाय?" काकूंनी विचारलं.

"पुढे काही नाही, मावशी. एवढंच."

"मधे खचलं-बिचलं असेल."

"छे हो. पहिल्यापासून एवढंच. दहाच्या वर माणसं सोडत नाही आम्ही, जीव कोंडतो."

काकू माझ्यावर टेकल्या. जन्मभराचा वाद जिंकल्या होत्या. मला वाटलं, आता हसतील.

"तेव्हाचं कळावं म्हणून दिवा घालवतो जरा," रखवालदार म्हणाला. ही तिथली रीतच. दिवा गेला, आणि त्याबरोबर भिंती गेल्या, छप्पर गेलं. वरच्या रस्त्यानं एखादं जड वाहन गेलं असावं, माती थरथरली. काकूंनी माझा पाय घट्ट धरला.

"किती लहान होतात हो तेव्हा, सासूबाई," त्या पुटपुटल्या. "आमच्या नातीएवढ्या."

आम्ही वर आलो तेव्हा काका उठून उभे होते.

"कसं आहे? सांग ना!"

काकूंनी आधी दम खाल्ला. "मोठं आहे. तुमच्या आईंनी कमीच सांगितलं."

"पोरं पळतील एवढं?"

"पोरं काय, घोडे पळतील. मला शेवटपर्यंत चालवेना. अर्ध्यातून परत फिरले."

"आणि शिंप्याची जागा?"

"उजव्या हाताला. चांगली प्रशस्त."

मागे रखवालदारानं तोंड उघडलं. काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की उघडलेलं तोंड त्यानं जांभईच्या कामी लावलं. काका रुमाल शोधत होते. सापडेना, तेव्हा त्यांनी विणकामालाच डोळे पुसले, आणि काकू त्यावर चक्क काही बोलल्या नाहीत.

आता मी गॅलरीत असतो. कापड विरलंय, एक पाय ढिला झालाय. घरी पाहुणे आले की काका त्यांना आईचं भुयार सांगतात. अलीकडे त्यात घोडेही पळू लागलेत.

म्हणून एक विनंती. जोडून सुट्टी मिळाली आणि पाय त्या टेकडीकडे वळले, तर जरूर खाली उतरा. दिवा गेला तरी भिऊ नका. फक्त परतीच्या वाटेवर आमच्याकडे डोकावलात आणि काकांनी विचारलं, तर भुयाराचं माप सांगताना हात आखडता घेऊ नका.