पहिल्या वाटीचा अडसर

कोरियातल्या कांगनुंगच्या किनाऱ्यावर टोफू करणाऱ्या घरांत एक रीत आहे: कढई ज्याने ढवळली, पहिली गरम वाटी त्याची. तेक्सूने ती जन्मभर ढवळली. पार्किन्सनने त्याचे हात आखडले तेव्हा ढवळणं बायकोकडे, ओकसिमकडे आलं. वाटीचा मान मात्र तिने त्याचाच ठेवला. रोज सकाळी गोळी आणि तिच्यावर ती वाटी. रिकाम्या पोटी औषध कसं द्यायचं?

गोळी लागू पडेना. नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशाबरोबर देता?" ओकसिमने अभिमानाने सांगितलं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"आजी, मेंदूतल्या पेशींमध्ये बारीक फट असते. एक पेशी रसायन सोडते, पलीकडची झेलते, तेव्हा कुठे हात नीट हलतो. आजोबांच्या सोडणाऱ्या पेशी मरत चालल्यात. गोळी मेंदूत जाऊन तेच रसायन बनते. पण आत शिरायच्या दारात टोफूतली प्रथिनं गर्दी करतात."

"म्हणजे दार मीच अडवलं होतं."

बसमध्ये तेक्सू बायकोला लेकराच्या नावाने हाक मारत म्हणाला, "इन्योंगची आई, तोंड पाडू नकोस. आडवं येण्यात तुझा हात कोण धरणार?"

"गप्प बसा हो!" म्हणत ती खिडकीकडे तोंड करून रडली.

टोफू रात्रीच्या जेवणावर गेला. हात सुटले. वसंतभर तेक्सूने स्वतः समुद्राचं पाणी घालून सोयाबीनचं दूध फाडलं. थंडीपर्यंत गोळीचा असर आखूड झाला. "उरलेल्या पेशी रसायन साठवून पुरवून सोडायच्या. आता कोठारंच संपली," बाई म्हणाल्या. गोळी वाढवली, तर अंग नको तसं नाचू लागलं.

एका सकाळी पाणी ओततानाच त्याचा हात थिजला. नको तेवढं पाणी कढईत गेलं.

"आता वाटी दे," तो म्हणाला.

"आधी गोळी लागू दे."

"लागली नि गेली. हात काही राहत नाहीत गं. जीभ तरी राहू दे."

वाटी दिली तर पुढची गोळी वाया जाणार, तो लाकडासारखा बसून राहणार, हे तिला ठाऊक होतं. तिने फुंकर घालून चमचा त्याच्या ओठांशी नेला.

"खारट झालाय."

"तुम्हीच केलाय."

"म्हणून तर बोलतोय."

त्याने वाटी संपवली. गोळीची वेळ झाली तशी तिने ती दिली. लागणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. त्याने ती शहाण्या मुलासारखी गिळली.